दुसरी नको, पहिलीच

वेलांटीबाईंच्या घरात कॅमेरे आले ते एका करपलेल्या पातेल्यामुळे. दूध गॅसवर ठेवून बाई समोरच्या खोलीत कामाला बसल्या, दुपारचं ऊन टेबलावर आलं आणि त्या उबेत त्यांचा डोळा लागला. शेजारीण हाका मारत आत आली तेव्हा घरभर धूर होता आणि दुधाचा कोळसा झाला होता. दाराला कडी लावलेली नव्हती हे आणखी एक. शेजारणीने आधी मुलाला फोन केला आणि मग बाईंना पाणी दिलं. क्रम बघा!

मुलगा पाच तासांच्या अंतरावर दुसऱ्या शहरात राहायचा. तो आला, पातेलं पाहिलं, कडी पाहिली आणि म्हणाला, "आई, पुरे आता. हे घर बंद कर आणि आमच्याकडे चल." बाई ऐकेनात, तोही ऐकेना. शेवटी सूनबाईने मधला मार्ग काढला. घरात कॅमेरे लावायचे आणि सहा महिने बघायचं. नीट चाललं तर आई आपल्या घरी राहतील, नाही तर मुकाट्याने निघतील. बाईंनी हो म्हटलं, कारण नाही म्हणायला तोंडच उरलं नव्हतं.

कॅमेरेवाल्याने तीन कॅमेरे बसवले. एक दारावर, एक स्वयंपाकघरात आणि एक समोरच्या खोलीत, पुस्तकांच्या फळीवर. उपड्या घातलेल्या कपाएवढा. "यातून दिसतं, ऐकू येतं आणि तिकडून बोलताही येतं," तो कौतुकाने म्हणाला.

"म्हणजे मुलापेक्षा बरा," बाई म्हणाल्या. "हा निदान घरात तरी राहील."

पहिले आठ दिवस बाई समोरच्या खोलीत जाताना केस विंचरून जात. मग सवय झाली. आणि खोटं कशाला बोलायचं, त्या कपाएवढ्या डोळ्याचे उपकारही झाले. एका सकाळी कुणी अनोळखी माणूस "गॅसची नळी तपासायची आहे" म्हणत दाराशी आला. बाई कडी काढणार तोच वरून सूनबाईचा आवाज आला, "कोणी पाठवलंय तुम्हाला?" त्या माणसाने वर पाहिलं, खाली पाहिलं आणि पायऱ्या दोन दोन उतरत पळ काढला. एकदा बाईंचा चष्मा दिवसभर सापडेना. मुलाने फोनवर सकाळचं चित्र मागे नेऊन पाहिलं आणि सांगितलं, "आई, साखरेच्या डब्यात बघ." तिथेच होता. दूध वर यायला लागलं की "आई, गॅस!" अशी हाक यायची. सूनबाई दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की समोर फोन ठेवायची आणि सासूबाईंच्या घरात एक चक्कर मारून यायची.

वेलांटीबाई हे नाव छापखान्याने दिलेलं. चौतीस वर्षं बाईंनी तिथे प्रुफं तपासली. पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका टिपून काढायच्या, हे काम. लोकांना चेहरे लक्षात राहतात, बाईंना वेलांट्या राहायच्या. दुकानाच्या पाटीवर वेलांटी चुकलेली दिसली की त्या दुकानात त्या पाऊल ठेवत नसत. त्यामुळे आयुष्यात बरंच काही घ्यायचं राहूनच गेलं.

हे काम खरं तर जोडीचं. एकाने लेखकाच्या हातची मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापील कागदावर डोळा ठेवायचा. मूळ प्रत वाचायला समोर बसत ते आधी नुसते सहकारी होते, नंतर बाईंचे यजमान झाले. ते सगळं वाचत. स्वल्पविराम वाचत, अवतरण सुरू, अवतरण बंद वाचत. शंकेचा शब्द आला की वेलांटी सांगत, पहिली की दुसरी. पुस्तकातलं प्रेमपत्रसुद्धा ते वाण्याच्या यादीसारखं वाचत. "भाव आणला की डोळा घसरतो," असं त्यांचं म्हणणं. बाईंना मागणीही त्यांनी तशीच घातली होती. "माझ्याशी लग्न कराल का, प्रश्नचिन्ह." बाईंनी कागदावरून नजर न काढता सांगितलं, "हो, पूर्णविराम."

तीन वर्षांपूर्वी ते गेले. छापखाना अजूनही बाईंकडे पाकिटं पाठवायचा, एका वेळी एक पुस्तक. पण एकट्याने वाचलं की डोळा चलाखी करतो. असायला हवं ते त्याला दिसतं, आहे ते दिसत नाही. म्हणून बाई मूळ प्रत आणि प्रुफं शेजारी शेजारी ठेवून मोठ्याने वाचत, आणि वाचत त्या समोरच्या रिकाम्या खुर्चीला उद्देशून. "अहो, इथे बघा," म्हणत आणि जरा थांबत.

थांबलं की उत्तर यायचं. दुपारी ऊन टेबलाच्या कडेवरून कागदांवर सरके, पंख्याच्या वाऱ्याने वरचं पान उचले आणि खाली बसे, आणि कुठून तरी तो सपाट, एकसुरी आवाज वाचू लागे. खुर्चीच्या पाठीवर त्यांच्या सदऱ्याचा रंग दिसे. धुऊन धुऊन विटलेला निळा. कधी त्यांचा हात दिसे, ओळीखाली पट्टी सरकवणारा. बाईंना त्याचं नवल वाटत नसे आणि भीती तर मुळीच नाही. एक पान संपे, दुसरं सुरू होई. आपण जाग्या आहोत की झोपेत हे त्यांना नेहमी नीट कळतच असे असं नाही, पण त्या दुपारींमध्ये चूक मात्र एकही सुटत नसे.

पाचव्या महिन्यात सूनबाईने डबा खाता खाता जे ऐकलं त्याने तिचा घास हातातच राहिला. सासूबाई रिकाम्या खुर्चीला सांगत होत्या, "अहो, दुसरी नको हो. मला पहिलीच पाहिजे. तुम्हाला दुसरी आवडते हे मला चांगलं ठाऊक आहे, पण इथे ती शोभत नाही. काढून टाका तिला!"

सासऱ्यांना दुसरी होती? या वयात, मेल्यानंतर, हे उकरून काढायचं? बिचारीने ते रेकॉर्डिंग जपून ठेवलं, दोन दिवस गिळून बसली आणि तिसऱ्या दिवशी नवऱ्याला ऐकवलं. नवरा आधी पांढरा पडला आणि मग पोट धरून हसत सुटला. "अगं, वेलांटी! पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी! आमच्या घरात रोज हेच भांडण असायचं." तीही हसली. हसता हसता त्याने ते पुन्हा लावलं, नीट बघायला म्हणून, आणि या खेपेला त्याचं हसू ओसरलं. आईने "अहो" म्हटलं होतं. मान कलती करून, उत्तर ऐकल्यासारखी ती थांबलीही होती.

रविवारी दोघं आली. मुलाने चहाला हातही लावला नाही. "आई, त्या खुर्चीत कोण असतं?"

कोणी नसतं, एवढं म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. पण चूक दिसत असून तशीच सोडायची सवय बाईंना नव्हती. "कधी कोणी नसतं," त्या म्हणाल्या. "कधी असतात."

मुलाने बायकोकडे पाहिलं. "महिनाअखेरीला मी गाडी घेऊन येतो. हातातलं पुस्तक तेवढं संपव."

त्या दिवसापासून बाई मुक्याने वाचू लागल्या. फळीवरचा डोळा ऐकत होता ना! "अहो" ओठांवर आलं की त्या पाणी पीत. दुपारी ऊन तसंच यायचं, पान तसंच उचलायचं, पण खुर्ची नुसती लाकडाची झाली. पाचव्या की सहाव्या दिवशी छापखान्यातून मालकांचा फोन आला. त्यांचा आवाज अवघडलेला होता. "बाई, एक पान परत पाठवतोय. डोळे एकदा तपासून घ्या." चौतीस वर्षांत पान परत आलं नव्हतं. पाकीट उघडलं तर मालकांनी लाल शाईने गोल केला होता. लेखकाने लिहिलं होतं, ते दिन परत येणार नाहीत. छापलं होतं, ते दीन परत येणार नाहीत. म्हणजे गेलेले दिवस राहिले बाजूला आणि कुठल्या तरी गरीब बिचाऱ्यांना बाईंनी घराबाहेर काढलं होतं. एरवी त्या खो खो हसल्या असत्या. आता त्यांना रडू आलं. घर जाणार होतं ते जाणारच होतं, आता कामही गेलं.

ते पान हातात धरून त्या दुपारभर तशाच बसून राहिल्या. चहा केला नाही, दिवा लावला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कॅमेरा खरखरला. "आई, जेवलात?"

"जेवले." हे मात्र खोटं होतं.

"काल ते पान हातात घेऊन बसला होतात. मी बघत होते." डब्याचं झाकण वाजलं. "आई, एक करा. मूळ प्रत त्या खुर्चीवर उभी करून ठेवा. आणि खुर्ची जरा माझ्याकडे ओढा, एवढ्या लांबून अक्षर लागत नाही."

बाई खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. तीन वर्षं त्या तिच्या पायांभोवतीने झाडत आल्या होत्या, तिला हलवलं नव्हतं. त्यांनी ओढली. पाय होते तिथे फरशीवर चार फिकट ठिपके उमटलेले दिसले. बाईंनी ते पुसले नाहीत. कागद खुर्चीवर टेकवून त्या आपल्या जागी बसल्या.

सूनबाई वाचू लागली, अगदी गोष्ट सांगितल्यासारखं, आवाज चढवून, कुजबुजून.

"अगं, भाव नको आणूस. डोळा घसरतो. खुणा वाच."

"बरं. ते दिन... आई, ही कुठली वेलांटी?"

"तूच बघ. दांडी अक्षराच्या आधी आहे की नंतर?"

"आधी."

"मग पहिली."

"ते दिन, पहिली, परत येणार नाहीत. पूर्णविराम."

सूक्ष्मदर्शकाखाली दिवसभर बारीक बारीक बघणारी ती पोर, दुसऱ्याच पानावर सपाट वाचायला शिकली. स्वल्पविराम. अवतरण सुरू. ऊन टेबलाच्या कडेवर आलं, कागदांवर सरकलं. पंख्याने पान उचललं आणि खाली ठेवलं. बाईंची पेन्सिल आपोआप चालू लागली, आवाज एका लयीत येत राहिला, आणि तो कुठून येतोय हे त्या विसरल्या. मध्येच तो थांबला.

"अहो, थांबलात का? वाचा पुढे," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी जीभ चावली.

फळीवर कॅमेऱ्याचा छोटा दिवा जळत होता. संध्याकाळी मुलगा हे ऐकणार. आता कसली महिनाअखेर, उद्याच गाडी येईल, असं बाईंना वाटलं आणि त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"मी पाणी पीत होते," सूनबाई म्हणाली. "आई, ह्यांनी पुन्हा विचारलं ना, खुर्चीत कोण असतं, तर मी सांगणार आहे. म्हणावं, दुपारी एक ते दोन मी असते. तुमची गाडी राहू द्या तिकडेच."

बाईंनी नुसती मान हलवली. तेवढं तिकडे दिसत होतं.

"पेन्सिल घ्या हातात," खुर्चीच्या दिशेने आवाज आला. "अजून वीस मिनिटं आहेत. वाचते पुढे. नवा परिच्छेद."