रातपाळीवाल्याची सकाळ

आमच्या लालबागच्या चाळीत राहणारे ते गृहस्थ परळच्या एका इस्पितळात गणित करायचे. मूत्रपिंडावरच्या इवल्याशा ग्रंथीत एक संप्रेरक दिवसभरात किती तयार होतं, याचं समीकरण ते मांडत होते. "आत डोकावता येत नाही रे. रक्तात उतरतं त्यावरून आतलं ताडायचं," ते म्हणायचे आणि चष्मा पुसायचे. संयुक्त महाराष्ट्राची माझी पत्रकं ते न वाचताच खिशात ठेवायचे. मला राग यायचा.

वर्षभराचं काम जुळत आलं होतं. तपासलेल्या सगळ्यांचे आकडे सकाळी चढत, रात्री उतरत. एका विणकराचे मात्र उलटे. इस्पितळातले त्यांचे साहेब म्हणाले, "तेवढा माणूस गाळा आणि शोधनिबंध पाठवून द्या."

त्यांनी गाळला नाही. "तो कायमचा रातपाळीला असतो. त्याची सकाळ संध्याकाळी होते. मी सगळ्यांना एकच घड्याळ लावलं," मला एवढंच सांगून ते थकल्या चेहऱ्याने पुन्हा पहिल्यापासून मांडायला बसले. निबंध पाठवायचा राहिला.

त्याच आठवड्यात शनिवारी भर दुपारी आम्ही चाळीच्या चौकात 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' अशा घोषणा देत होतो. ते जिना उतरून आले. मला वाटलं, आले एकदाचे!

"झालाच पाहिजे, बाबा," ते हळूच म्हणाले. "पण नाक्यावर जाऊन ओरडा. वर रातपाळीवाले झोपलेत."

मी वर पाहिलं. ज्यांच्यासाठी आम्ही ओरडत होतो, ती माणसं गॅलरीत कानांवर उशा दाबून पडली होती.