वाडीवरचं चौथं नाव

ती घटना आजही आठवते, असं म्हणायची आम्हा निवृत्त पोलिसांना खोडच असते. मला मात्र घटनेपेक्षा माझं स्वतःचं अक्षर जास्त आठवतं. निळ्या शाईतलं, वळणदार, एका रेघेत बसवलेलं. खात्यात त्याचं कौतुक होतं. पंचनामा लिहायचा असला की वरिष्ठ म्हणायचे, "याला द्या, कोर्टाला वाचायला त्रास नको." त्याच अक्षरात मी एकदा अकरा खोटे जबाब लिहिले. खोटे आहेत हे माहीत नसताना लिहिले, पण लिहिले मीच.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. पेण तालुक्यात खाडीजवळच्या एका दूरक्षेत्रात, म्हणजे ठाण्याच्या हाताखालच्या लहान चौकीत, मी नवा फौजदार होतो. मूळ गाव साताऱ्याकडे, त्यामुळे समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो प्रशिक्षण संपल्यावर. खाडीचं मला काही कळत नव्हतं आणि कळत नाही हेही कळत नव्हतं.

एका गावाबाहेर, बांधाला लागून, कातकऱ्यांची नऊ झोपड्यांची वाडी होती. माणसं मिठागरावर राबायची. पौर्णिमेच्या उधाणाला गावाच्या बांधाला खांड पडली आणि खारं पाणी शेतात शिरलं. कातकऱ्यांनी मासे धरायला बांध फोडला, अशी आवई उठली. त्यानंतरच्या आठवड्यात, वैशाखातल्या एका रविवारी, भर दुपारी जमाव वाडीवर चालून गेला. वाडीतले पुरुष पलीकडच्या मिठागरावर होते आणि बायका खाडीत. मागे राहिले होते ते पळता न येणारे: एक आंधळा म्हातारा, त्याची बायको आणि एक बाळंतीण.

नऊच्या नऊ झोपड्या जाळल्या होत्या. पाण्याची भांडी फोडली होती, झऱ्याचा खड्डा दगडमातीने बुजवला होता, भाताचं बियाणं राखेत ओतलं होतं. रागाच्या भरात माणूस एखाद्याचं घर जाळतो, हे मी पाहिलं होतं. झरा बुजवायला मात्र फावडी घेऊन जावं लागतं. ती वाडी पुन्हा उभीच राहू नये, हा तिथे आलेल्यांचा बेत होता, आणि हे मला तिथल्या तिथे दिसायला हवं होतं.

पंचनाम्यात मी 'मयत तीन' लिहिलं. बाळंतिणीची सासू माझ्यामागे फिरत म्हणत होती, "चार, साहेब. चार लिव." मला तीनच प्रेतं दिसत होती. बाई शोकाने बरळते आहे असं वाटलं. "आजी, बाजूला व्हा," असं म्हणून मी पुढची ओळ लिहायला घेतली.

खाडीतून परतणाऱ्या बायकांनी जमावाला लांबून पाहिलं होतं. त्यांनी दहा जणांची नावं सांगितली. दुसऱ्या दिवशी मी गावात गेलो. तिथे एक पुढारी होता, जमिनीचे व्यवहार करणारा, मूळचा पुण्याकडचा, सासुरवाडीत येऊन स्थायिक झालेला. त्याच्या ओटीवर बसून, त्याचं कोकम सरबत पीत, मी अकरा जणांचे जबाब घेतले: बायकांनी नावं सांगितलेल्या दहांचे आणि पुढाऱ्याने त्यांच्या साथीला बसवलेल्या, बांध राखणाऱ्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा. 'उधाणाची भरती होती. दुपारी बाराच्या सुमारास पाणी बांधाला लागले. आम्ही अकरा जण दोन वाजेपर्यंत बांधावर पहाऱ्याला होतो.' समोरचा बोलायचा, पुढारी वाक्य नीट करून द्यायचा, मी लिहायचो. तिसऱ्या जबाबानंतर मला प्रश्नही विचारावा लागला नाही. एवढ्यावरच मला शंका यायला हवी होती. खरं बोलणारे अकरा जण कधीच एक वाक्य बोलत नाहीत.

काही महिन्यांनी प्रकरण 'अ' समरीत गेलं, म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाहीत. वाडीतले लोक पांगले. माझी बदली झाली आणि मी विसरलो. हे लिहायला लाज वाटते, पण विसरलो.

तीन वर्षांनी मी रोह्याला होतो. एका सकाळी कुंडलिका नदीच्या पुलाच्या अष्टमी गावाकडच्या टोकाला कंपनीच्या बसगाड्या अडल्या. शिफ्ट चुकेल म्हणून कामगार ओरडत होते. चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, विकणाऱ्या बायका रस्त्यावर आल्या होत्या, त्यांना मागे सरकवायला मी हवालदारांना घेऊन गेलो. हवालदार रेवदंड्याकडचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे.

एक म्हातारी उठेना. माझ्याकडे टक लावून बघत म्हणाली, "तू लिवनारा ना? वाडीवर आलतास."

शेजारची बाई तिचा हात ओढू लागली. "चल गो आये, साहेबाशी कशाला बोलतंस."

"बोलू दे गो. तीन वर्सं बोललो नाय." मग ती माझ्याकडे वळली. "कोर्टाचा कागद आला तवा शाळेतल्या मास्तरांनी वाचून दाखवला. भरती व्हती नि अकराजन बांधावर व्हते, असं लिवलंस. आमी त्याच बांधाखाली व्हतो. सुनेची पाचवी, म्हनून चिंबोऱ्या काढायला गेलतो, पार चिखलात. पानी असता तर आमी खाडीत गेलो असतो का रं? पानी असता तर आमी पन घरातच जळलो असतो."

'चार लिव' म्हणत माझ्यामागे फिरलेली सासू ती हीच. बसगाड्या गेल्या, आम्ही ठाण्यावर परतलो. मी कपाटातून जुनं पंचांग काढायला लावलं. त्या रविवारी वैशाख वद्य नवमी होती. हवालदारांना विचारलं, नवमीला दुपारी बाराला खाडीत काय असतं?

"नवमीला भांगाचं पाणी, साहेब. जोरच नसतो भरतीला. आणि बाराला तर पुरती ओहोटी. इथलं शेंबडं पोर सांगेल."

"मग अकरा माणसं दोन वाजेपर्यंत बांधावर कशाचा पहारा करत होती?"

"चिखलाचा," हवालदार म्हणाले.

उधाण पौर्णिमेला, अमावास्येला. नवमीला उधाण असं खाडीकाठचा माणूस झोपेतही म्हणणार नाही. ते वाक्य एका पुण्याकडच्या माणसाने रचलं होतं आणि एका सातारकराने लिहून घेतलं होतं. माझ्या गावी विहिरीला भरती येत नाही, म्हणून मला ते खरं वाटलं. संतापलो, आणि तो संताप काढायला माझ्याखेरीज दुसरं कुणी नव्हतं.

ते प्रकरण माझ्या हद्दीतलं राहिलं नव्हतं. गप्प बसलो असतो तर कुणी विचारलं नसतं. पण त्या म्हातारीचं वाक्य मानगुटीवर बसलं होतं. मी बंदर खात्याकडून त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक मागवलं, सविस्तर अहवाल तयार केला आणि अलिबागला वरिष्ठांसमोर उभा राहिलो. त्यांनी अहवाल दोनदा वाचला.

"हा अहवाल तू स्वतःविरुद्ध देतो आहेस, कळतंय ना?"

"होय, सर."

"बस मग."

कोर्टाच्या परवानगीने पुढील तपास सुरू झाला. अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार तो उपअधीक्षकांकडे गेला. जबाब माझ्या अक्षरात असल्यामुळे विचारपूस चालू असताना मला शेजारी बसवलं जाई. त्या दिवसांत मी रोह्याहून पेणला पॅसेंजरने जायचो. वर्तमानपत्रात जगाच्या दुसऱ्या टोकाच्या नरसंहारांच्या बातम्या असायच्या, आंतरराष्ट्रीय न्यायालयं नेमल्याच्या, खड्ड्यांतून प्रेतं काढून मोजल्याच्या. समोरच्या बाकावरचे लोक हळहळायचे, "काय माणसं तरी!" कासू स्टेशन मागे पडायचं आणि मी पेपर घडी घालून ठेवायचो. मला नऊ झोपड्या आठवायच्या. तिथे मोजायला मीच गेलो होतो, आणि मला तीन दिसले होते.

अकरापैकी दहा जणांनी पाठ केलेलं वाक्य पुन्हा म्हटलं. कोष्टक पुढे ठेवलं की म्हणायचे, तारीख चुकली असेल. अकरावा तो म्हातारा शेतकरी. जन्म बांधावर गेलेला. त्याच्या बोटांची नखं खाऱ्या चिखलाने कायमची काळवंडली होती. उपअधीक्षक मला म्हणाले, "तूच वाच."

मी त्याचा जबाब मोठ्याने वाचला. तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला.

"काका," मी म्हणालो, "साठ वर्षं तुम्ही हा बांध राखताय. नवमीला बाराला पाणी कुठे असतं?"

"खाली. पार खाडीच्या मुखाशी."

"मग हे काय आहे?"

"मी नाय सांगितलं. पुढाऱ्यानं सांगितलं, तुमी लिवलंत."

मी मान खाली घातली. उपअधीक्षकांनी विचारलं, "तेव्हा बोलला का नाहीत?"

"माजा पोरगा व्हता त्यांच्यात." त्याने काळवंडलेलं नख अंगठ्याने खरवडलं. "पन मनात म्हटलं, लिवू दे असंच. खाडीकाठचा कोन तरी कागद वाचील नि त्याला कळंल. तीन वर्सं वाट बगितली, साहेब. कोनी वाचलाच नाय."

माझ्या नोकरीत मी बऱ्याच गुन्हेगारांना बोलतं केलं. मलाच कुणी उघडं पाडलं असेल तर या म्हाताऱ्याने. त्याने दंडाधिकाऱ्यांसमोर शपथेवर जबाब दिला आणि सगळी नावं सांगितली. पोराचंही सांगितलं. आवई पुढाऱ्याने उठवली होती. वाडी उठली की बांधालगतची जमीन त्याच्या घशात जाणार होती. फावडीही त्यानेच पुरवली होती. त्या दिवशी संध्याकाळी म्हातारा घरी गेला तेव्हा घरात त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं, हे मला पुढे समजलं.

चौथ्याचं काम राहिलं होतं.

मी अष्टमीच्या पुलाशी गेलो. या वेळी टोपी काढून हातात घेतली आणि विचारलं, "आजी, चौथं कोण?"

"सुनेची पोर. पाच दिसांची." जाळ विझल्यावर तिला ते बाळ सापडलं होतं. तान्ह्या मुलाला जाळत नाहीत, लगेच मातीत ठेवतात. तिने रीतीप्रमाणे केलं, बांधाजवळच्या भेंडीच्या, खाडीकाठी वाढणाऱ्या त्या मोठ्या झाडाखाली, आम्ही पोहोचायच्या आधी. आम्ही पोहोचलो आणि मी तिला बाजूला व्हायला सांगितलं.

जन्माची नोंद ग्रामपंचायतीत नव्हती. आरोपींचे वकील म्हणणार होते, बाळ नव्हतंच. शेवटी आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाईंची आठवण झाली. त्या वाडीवर लस द्यायला जायच्या. त्यांनी जुनी वही काढली. एका ओळीत लिहिलं होतं: स्त्री जातीचे मूल, वजन कमी, आईस ताप. वार बुधवार. दंडाधिकारी आणि पंचांसमक्ष भेंडीखाली उकरलं. जे निघालं ते एका ओंजळीत मावलं. पंचनामा लिहायला दुसरा अंमलदार होता. मी उभा राहून तो लिहून होईपर्यंत पाहत राहिलो.

खटला अलिबागला सत्र न्यायालयात चालला. मी साक्षीदार होतो, आरोपीच्या पिंजऱ्यात असल्यासारखाच. बचाव पक्षाच्या वकिलांनी माझे अकरा जबाब हातात धरले. "हे अक्षर तुमचं?"

"माझं."

"तेव्हा खोटं लिहिलंत की आता खोटं बोलताय?"

"तेव्हा खोटं लिहिलं. चौकशी न करता लिहिलं. आता खरं बोलतो."

पुढाऱ्याला आणि सहा जणांना जन्मठेप झाली. चौघे संशयाचा फायदा मिळून सुटले. म्हाताऱ्याचा पोरगा सुटलेल्यांत नव्हता, जन्मठेप झालेल्यांत होता. सुटलेल्या चौघांचे चेहरे मला आजही सलतात. माझी खातेनिहाय चौकशी झाली आणि सेवापुस्तकात सक्त ताकीद लागली. बढती मागे पडली. त्याबद्दल मला तक्रार नाही. नव्या मुलांना शिकवायला बोलावलं की मी ती ताकीद सोबत नेतो. त्यांना सांगतो, ज्याच्या ओटीवर तुम्ही लिहायला बसता आणि जो दुसऱ्याचं वाक्य नीट करून देतो, त्याच्यावर पहिला संशय घ्या. आणि एखादी बाई मागे मागे फिरून एकच आकडा सांगत असेल, तिथे पेन थांबवा. जिथे अख्खी वस्ती पुसायचा बेत असतो तिथे शेवटचा पुसणारा बहुतेक वेळा आमच्यातलाच कुणीतरी असतो, हातात पेन घेतलेला.

साक्षीच्या वेळी सरकारी वकिलांनी त्या आजीला विचारलं होतं, "चौथ्या मयताचं नाव?" बारसं झालंच नव्हतं. ती म्हणाली, "बुधी. बुधवारची व्हती, म्हंजे बुधीच." लेखनिकाने लिहून घेतलं. निकालपत्रात मयत क्रमांक चार म्हणून ते नाव छापून आलं.

निकालाच्या दिवशी ती कोर्टाच्या पायरीवर बसली होती. तिने कनवटीला खोचलेला एक कागद माझ्यापुढे केला. मास्तरांनी दिलेला, कोराच होता. "लिव."

"काय लिहू, आजी?"

"तिचं नाव."

मी खिशातलं पेन काढून गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं, बुधी. तिला वाचता येत नव्हतं. तरी तिने कागद उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला, मग घडी करून पुन्हा कनवटीला खोचला.

"अक्षर चांगलं हाय रं तुजं," ती म्हणाली. "तवा पन चांगलंच व्हतं."