आधी काय, मग काय?

"आधी काय, मग काय?" साइटवर कुणी घाईनं तारीख मागायला आलं की ताई हातातलं पेन वेणीत खोवून एवढंच विचारायच्या. समोरच्याचं सगळं सांगून होईपर्यंत पेन वेणीतच राहायचं.

लातूरला एका दवाखान्याच्या इमारतीचं काम चालू होतं. कुठलं काम कधी सुरू करायचं, कशानंतर काय घ्यायचं, हे ताई ठरवायच्या. मी मोजमापं घ्यायचे. पत्र्याच्या ऑफिसात आमची टेबलं शेजारीशेजारी होती. तुम्ही कधी बांधकामावर गेला असाल तर पाहिलं असेल, तिथं प्रत्येकाला आपलंच काम आधी हवं असतं. गिलावा वाळतो न वाळतो तोच प्लंबर भिंत फोडायला हजर. गवंडी आणि प्लंबर भांडत ताईंकडे यायचे आणि चहा पिऊन सोबत बाहेर पडायचे.

वेळापत्रकात त्या थोडी सवड ठेवायच्याच. एकदा फरशीवाला मिस्त्री दारात घुटमळत उभा राहिला.

"मॅडम, मंडळी बाळंत व्हायच्यात. गावाकडं जावं लागतंय."

"मग जा की. तोवर मी वरच्या मजल्याचं वायरिंग उरकून घेते."

मॅनेजर साहेब चिडले. ताई शांतपणे म्हणाल्या, "चार खोल्या मागं गेल्या साहेब, इमारत न्हाई गेली."

त्यांचा स्वतःचा मुलगा मात्र हिमायतनगरला होता, त्यांच्या आईकडे. नवरा गेला तेव्हा पोरगं कडेवर होतं. या गावाहून त्या गावाला कामं करत फिरायचं, त्याला कुठं ठेवणार? "तळमजला झाला की आणते त्याला," असं त्या म्हणायच्या. मग म्हणायला लागल्या, "शेवटचा स्लॅब पडू दे." दुपारी जेवताना त्या व्हिडिओ कॉल लावायच्या. तो शेळीचं करडू दाखवायचा आणि फोन तिथंच टाकून पळायचा. फोनमध्ये नुसते छताचे पत्रे दिसत राहायचे. ताई तरी बंद करायच्या नाहीत. घास हातात धरून पत्र्यांकडे बघत बसायच्या.

शेवटी त्यांनी शाळेजवळ खोली घेतली. आम्ही दोघी बाजारात जाऊन छोटी बादली, डबा, दप्तर घेऊन आलो. दुकानात त्या इतक्या बोलल्या, की इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग त्या त्याला आणायला गेल्या आणि एकट्याच परत आल्या.

"काय झालं ताई?"

"आला न्हाई. एसटी स्टँडपर्यंत माझं बोट धरून आला. गाडी लागली तसं बोट सोडलं आणि म्हणाला, तू जाऊन ये, मी हाय इथंच. त्याला वाटलं, दरवेळेसारखं मला पोचवायलाच आलाय. मग ओढून गाडीत बसवता आलं न्हाई मला."

त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. साहेब म्हणाले, "उद्घाटन होऊ द्या, मग जा."

"माझं सगळं त्या 'मग'मध्येच गेलं साहेब," ताई म्हणाल्या. उरलेल्या कामांचं वेळापत्रक मला नीट समजावून दिलं आणि गेल्या.

त्यांच्या जागी आलेले गृहस्थ हुशार आहेत. पण भांडणारे आता बाहेरच भांडतात. जेवायला बसलं की मला शेजारच्या टेबलाकडे बघवत नाही.

पुढं नांदेडला मोठं काम निघालं. साहेब म्हणाले, "ताईंना विचारून बघा." मला तर तेच हवं होतं. फोनवर त्यांनी नाही म्हणू नये म्हणून मी थेट हिमायतनगर गाठलं. घरी त्यांची आई होती. "गावातली घरं बांधायची कामं बघून राहिली आता," त्या म्हणाल्या. "या वेळेला शाळेकडं असती."

मी शाळेकडे गेले. समोरच्या कडुलिंबाखाली दगडावर ताई बसल्या होत्या. हातात फोन नव्हता, कागद नव्हता. वर्गातून पोरांचा पाढे म्हणण्याचा गलका येत होता आणि त्या मान थोडी कलती करून ऐकत होत्या, त्यातला एक आवाज वेगळा काढावा तशा.

मी रस्त्याच्या अलीकडेच थांबले. हाक मारली नाही. शाळा सुटायला अजून बराच वेळ होता.