सासूबाईंजवळ कोण बसणार

माझे वडील युनियनचे. उमेदीची सगळी वर्षं पिंपरीच्या कारखान्यात गेली, निवृत्तीनंतर निगडीला प्राधिकरणाच्या वसाहतीत फ्लॅट. सासरे मोशीचे जुने शेतकरी. जमीन गेली, उरलेल्या तुकड्यावर खोल्या बांधून त्यांनी कामगारांना भाड्याने दिल्या. रविवारी बाबा आमच्याकडे यायचे आणि दोघे व्याही ओट्यावर बसून तावातावाने वाद घालायचे.

"सरकार कोण लागून गेलं, पाव्हणं?" मामा, म्हणजे सासरे, म्हणायचे. "माणूस पडला तर घर उचलतं, भावकी उचलती. सरकार दारात आलं की आधी जमीन मागतं. आमी बघितलंय."

"आणि ज्याला घर नाही, भावकी नाही, त्यानं मरायचं?" बाबा विचारायचे. "तुमच्या खोल्यांतली पोरं आजारी पडली तर कुणी बघायचं? माणसाची जबाबदारी समाजाची असते. कर कशाला भरतो आपण?"

मला दोघांचंही थोडंथोडं पटायचं. चहा दिल्यावरही मी दारात रेंगाळायचे. तेव्हा मी चाकणच्या एका कंपनीत तपासणीच्या कामावर होते. कायम नोकरीत होते, आणि त्याचा मला तोरा होता.

मग सासूबाईंना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा जवळजवळ गेली.

भावकी आली, शहाळी घेऊन आली. चहा प्यायली, 'काही लागलं तर सांगा' म्हणाली आणि हळूहळू यायची बंद झाली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रोजचा व्यायाम दाखवला, सारखी कूस बदलायला सांगितली. घरी येऊन बघणारं कुणी मिळेल का, मी विचारलं. "तशी सोय नाही, ताई." त्यांचा आवाज मात्र मवाळ होता.

नवरा टेम्पो घेऊन कायम बाहेरगावी. फोनवर म्हणाला, "तूच बघ ना आता."

मी घेतलेली रजा संपत आली तेव्हा एका रविवारी मी ओट्यावर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "उद्यापासून मला फर्स्ट शिफ्ट आहे. सासूबाईंजवळ कोण बसणार?"

बाबांनी मामांकडे पाहिलं.

"मी तिला कसा पुसू?" मामा शेवटी म्हणाले. "ते बायामाणसाचं काम हाय. आन् आपल्या घरात सेवेची रीत हाय ना? सेवा म्हंजे पुण्य."

"बाई ठेवू," मी म्हटलं.

"परकी बाई घरात न्हाई चालायची."

मी बाबांकडे पाहिलं. वाटलं, आता हे बोलतील.

"खरं तर ही महापालिकेची जबाबदारी," बाबा म्हणाले. "आणि तुम्हाला परवडेल एवढ्या पगारात बाईला दिवसभर राबवायचं, म्हणजे शोषणच ते. आपण मागणी लावून धरू. निवेदन देऊ."

"तोवर?"

बाबांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "तोवर काढावं लागेल थोडं."

कुणी काढायचं, ते कुणीच बोललं नाही. इतकी वर्षं एकमेकांचा मुद्दा मान्य न केलेली ती दोन माणसं त्या दिवशी, न बोलता, एकमताने माझ्याकडे बघत होती.

आत गेले तेव्हा सासूबाई जाग्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. डाव्या हाताने माझं मनगट धरून त्या फार कष्टाने बोलल्या, "जा." त्यांचा एवढा स्पष्ट शब्द पुन्हा कधी ऐकला नाही. पण मी गेले नाही. राजीनामा दिला.

पुढे मामांनी एका लग्नात चारचौघांत साडी देऊन माझा मान केला. "अशी सून मिळाया नशीब लागतं." बाबांनी एका सभेत माझं उदाहरण दिलं, म्हणे टाळ्या पडल्या. सासूबाईंची कूस बदलायला दोघांपैकी एकही कधी आत आला नाही.

सासूबाई गेल्या. मी पुन्हा त्याच कंपनीत गेले, पण आता ठेकेदाराकडून. काम तेच, पगार अर्ध्याच्या आसपास, नोकरी कधीही जाईल अशी. बाबा म्हणाले, "लढ." मामा म्हणाले, "कशाला जातीस? घरात काय कमी हाय?" मी कामावर जात राहिले.

हल्ली मामांचे गुडघे गेलेत. सेकंड शिफ्टला निघताना मी त्यांचं जेवण त्यांच्या खाटेशी झाकून ठेवते. कोण वाढणार, असं ते एकदा म्हणाले. मी चप्पल घालत होते. म्हटलं, "समोरच आहे, मामा," आणि बस पकडायला निघाले.