सातव्या महिन्यातली बाटली

माझं अक्षर आधीच वाकडं, त्यात पहिली वेलांटी कुठं आणि दुसरी कुठं हे मला चौथी पास होऊनही नीट कळलेलं नाही. ही वही कुणाच्या हाती पडली तर चुका पोटात घालाव्यात. तशी ती लिहिण्यासाठी नव्हतीच. दवाखान्यातल्या सिस्टरनी दिली होती, रोज किती तांबे पाणी प्यायले त्याच्या रेघा ओढायला. पहिल्या बारा पानांवर नुसत्या रेघा आहेत. बाकीची पानं कोरी राहिली. मुलगी आता बालवाडीत जाते, सकाळी दोन तास घर शांत असतं, म्हणून लिहायला बसले. मला बोलायला जमत नाही. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की मी आतल्या खोलीत जाते.

आमचं गाव माकणीच्या धरणापासून जवळ. घरात सासरे, मोठे दीर, जाऊबाई आणि आम्ही दोघं. माझे मालक हंगामात साखर कारखान्यावर असतात, तेव्हा महिना महिना घरी येत नाहीत. जाऊबाईंना मी अक्का म्हणते. त्या माझ्या अगदी उलट, एसटीत शेजारी बसलेल्या बाईचं माहेर कुठलं ते दुसऱ्या थांब्याच्या आत काढून घेतात.

संडास अंगणात आहे. त्याच्या दारापासून चार हातांवर कडुलिंबाचं झाड आणि झाडाखाली सासऱ्यांची बाज. सासरे दिवसभर तिथंच बसायचे, सोबत गावातली दोन-तीन म्हातारी माणसं. त्यांच्यापुढून पाण्याचा डबा घेऊन जायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सासरे कधी काही बोलले नव्हते, मान वर करून बघतसुद्धा नसत. तरी माझा पाय उचलायचा नाही. मग मी दिवस उगवायच्या आत जायची, नाहीतर दिवेलागणीनंतर. मधला सगळा दिवस कोरडा काढायचा. पाणी प्यायलंच नाही तर जावंही लागत नाही, एवढा साधा हिशोब. रानात हरभरा खुरपायला गेलं तरी तेच, गुडघ्याएवढ्या पिकात आडोसा कुठला?

मुलीच्या वेळी सहाव्या महिन्यात मला उन्हाळी लागली. लघवीला आग व्हायची, थेंब थेंब यायची, लगेच पुन्हा लागल्यासारखं वाटायचं. अक्कांना सांगितलं तर त्यांनी सबजा भिजवून दिला, धण्याचं पाणी दिलं. दोन दिवस बरं वाटलं आणि पुन्हा सुरू झालं. पोटुशी बाईला असं होतच असतं असं समजून मी गप्प बसले.

त्याच दिवसांत तालुक्याला तपासणीला जायचं होतं. तिथं मला झाकणाची एक बारकी बाटली दिली आणि लघवी आणायला सांगितलं. त्या दिवशी गर्दी फार होती. बायकांच्या संडासाची कडी निघाली होती आणि बाहेर पाण्याच्या टाकीपाशी माणसं उभी होती. अक्का म्हणाल्या, मी दार धरते, तू जा. मी आत गेले, बसले, पण एक थेंब उतरेना. दाराच्या फटीतून चपला दिसत होत्या. रिकामी बाटली घेऊन मी बाहेर आले. रडूच यायचं राहिलं होतं.

अक्का म्हणाल्या, "आण हिकडं. लघवीवर काय नाव लिहिलंय व्हय कुणाचं?"

त्या आत गेल्या आणि बाटली भरून आणली. मी ती पदराखाली धरून खिडकीत दिली. कागद आला, सगळं साफ. परत येताना एसटीत आम्ही दोघी पदर तोंडात धरून हसत होतो. इतकं हसू मला सासरी आल्यापासून आलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी दुपारी भाकरी थापताना मला थंडी भरली. दोन गोधड्या घेतल्या तरी दात वाजायचे थांबेनात. पाठीत उजव्या बाजूला, बरगडीच्या खाली, कुणी पाटा ठेवल्यासारखं दुखत होतं. मग पोट कडक व्हायला लागलं. कडक व्हायचं, सुटायचं, पुन्हा कडक व्हायचं. अक्कांनी ते हातानं बघितलं आणि त्या आत गेल्या. शिलाई मशीन घ्यायला त्यांनी शेळी विकून पैसे ठेवले होते. ते कमरेला खोचले, दिरांकडून जीप बोलावली, आणि आम्ही थेट धाराशिवच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. पोटावर हात ठेवून त्या घड्याळाकडं बघत बसल्या. कळा सुरू झाल्यात, म्हणाल्या. सातवाच महिना, बाळ आत्ता बाहेर आलं तर फार अशक्त असेल. मग त्यांनी माझ्या कार्डाला टाचलेला तालुक्याचा कागद वाचला. लघवी तर साफ आहे, मग हा ताप कशाचा, असं त्या स्वतःशीच बोलल्या आणि सिस्टरना मलेरियासाठी रक्त घ्यायला सांगितलं. मला विचारलं, जळजळ होते का? शेजारच्या खाटेपाशी एका बाईचा नवरा उभा होता. मी मान हलवून नाही म्हटलं.

तेवढ्यात पोट पुन्हा आवळलं. बाळ एका कुशीला गोळा झालेलं मला हाताला लागलं. केवढंसं ते, सगळीकडून दाबलं जात असेल. माझी लाज राखायला मी त्याला बाहेर ढकलते आहे, असं मला तेव्हा दिसलं. अक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या. एरवी कुणाला बोलू न देणारी बाई, आता पदराचं टोक पिळत होती.

मी डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्या कोटाची कड धरली.

"ती लघवी माझी न्हाय," मी म्हणाले.

"मग कुणाची?"

"माझी," अक्का भिंतीपाशी उभ्या उभ्या बोलल्या.

डॉक्टरीणबाई आमच्या दोघींकडं बघत राहिल्या. आता सगळ्यांदेखत ओरडतील म्हणून मी डोळे मिटले. पण त्या अक्कांना म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही ठणठणीत आहात. तेवढं तरी कळलं." मग त्यांनी सिस्टरकडून पडदा ओढून घेतला, त्या माणसाला बाहेर काढलं आणि खाटेवरच भांडं दिलं. या वेळी माझ्याच लघवीनं बाटली भरली. गढूळ होती, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखी. डॉक्टरीणबाईंनी ती उजेडाकडं धरून बघितली आणि मलेरिया नाही हा, लघवीतलं इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलंय, म्हणाल्या. लगेच सलाईन लावलं, त्यातून औषध सोडलं. एक इंजेक्शन बाहेरून आणायचं होतं, ते अक्का धावत जाऊन घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी कळा थांबल्या. सिस्टरनी पोटावर एक बारकं यंत्र टेकवलं आणि त्यातून टकटक टकटक आवाज आला, घोड्यानं रस्ता धरावा तसा भरभर. हे बाळ, सिस्टर म्हणाल्या. सात महिने ते माझ्यात होतं आणि त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. अक्कांनी हात जोडले. कुणाला जोडले ते त्यांनाही माहीत नसेल.

तिसऱ्या दिवशी पुन्हा लघवी द्यायला गेले तेव्हा तपासणीच्या खोलीतल्या बाईंनी मला जवळ बोलावलं. त्यांच्या हातात काचेची झाकलेली बशी होती. तुमच्या लघवीतला एक थेंब यात उबेला ठेवला होता, आता बघा, म्हणाल्या. बशीभर साय धरल्यासारखा थर होता. ते सगळे जंतू, एकेका ठिपक्यात लाखो. ते माझ्या अंगात राहत होते आणि मी वर गोधडी घेऊन झोपत होते. त्या सायीत कागदाच्या बारक्या चकत्या ठेवल्या होत्या, प्रत्येकीत वेगळं औषध. काही चकत्यांना जंतू चिकटून वाढले होते. पण एका चकतीभोवती सगळं मोकळं, स्वच्छ गोल होतं, सकाळी सडा टाकून अंगण सारवावं तसं. हेच औषध तुम्हाला चालू आहे, बाई म्हणाल्या. मी त्या गोलाकडं बघतच राहिले. देवळात गाभाऱ्यापुढं उभं राहिल्यावर अंगावर काटा येतो, तसा आला. माझ्या एका थेंबाला सगळं विचारता येतं आणि तो खरं सांगतो. फक्त तो थेंब माझा असावा लागतो.

निघताना सिस्टरनी ही वही दिली आणि बजावलं की लघवी दाबून धरायची नाही.

घरी आले तर लिंबाखाली बाज नव्हती. ती घरामागं, गोठ्याच्या पत्र्याखाली होती, आणि सासरे तिथं एकटेच बसले होते. दुपारी तो पत्रा तापतो, तिथं लिंबाची सावली पोचत नाही. मी अक्कांना विचारलं, तुम्ही काही सांगितलंत का? "म्या कशाला सांगू," त्या म्हणाल्या. दिरांनी विचारलं तेव्हा सासरे म्हणाले, तिकडं वारं चांगलं लागतं. तिथं वारं लागत नाही हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवसापासून बाज तिकडंच आहे. त्यांच्याशी यावर मी कधी बोलले नाही, तेही बोलले नाहीत. मी डबा घेऊन अंगणातून भरदुपारी जाते, तेव्हा दर वेळी पत्र्याखाली बसलेले सासरे आठवतात.

बाळ नऊ महिने पुरे करून आलं. मुलगी. मोठ्यानं रडली तेव्हा अक्का म्हणाल्या, ही काय आईवर गेली नाही.

दवाखान्यात खर्चलेल्या अक्कांच्या पैशाचा विषय त्यांनी कधी काढला नाही, मशीनचंही नाव घेतलं नाही. पण मला ते रोज दिसायचे. बाळंतपणाचे सरकारी पैसे खात्यात आले ते आधी त्यांना दिले. बाकीचे खुरपणीच्या मजुरीतून थोडे थोडे. मागच्या बाजारच्या दिवशी शेवटचे पाचशे मुलीच्या मुठीत दिले आणि तिला मोठ्या आईकडं पाठवलं. अक्कांनी मूठ उघडली, नोट सरळ केली, माझ्याकडं बघितलं.

"झाले का गं सगळे?"

"झाले," मी म्हणाले, दारात उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं.