नरसम्माच्या ताण्याला हळदकुंकू

रामेश्वराहून आल्यापासून जो तो मला विचारतो, समुद्र केवढा होता गं? समुद्र मोठा होता. आता त्याच्याबद्दल विचारू नका. मी जो पराक्रम केला तो समुद्राच्या कितीतरी अलीकडे, सोलापुरात केला. आमचा प्रवास तेव्हा धड सुरूही झाला नव्हता. आईने हे कुणाला सांगू नको म्हणून बजावलं आहे. पण तुम्ही माझ्या वर्गातल्याच, काही परक्या नाही, आणि चहा निवायच्या आत सांगून होईल.

सोलापुरात आमची आत्या राहते, शुक्रवार पेठेत. पुण्याकडची मंडळी येऊन मिळेपर्यंत आम्ही तिच्याकडे थांबायचं ठरलं होतं. आम्ही म्हणजे आप्पा, आई, शेजारच्या यमुनाकाकू आणि गावातल्या चार-पाच बायका. यमुनाकाकू तुम्हाला ठाऊक आहेतच. देवाधर्माच्या बाबतीत त्यांच्यापुढे भटजीसुद्धा जपून बोलतात.

आता एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कुर्डुवाडीच्या स्टेशनात यमुनाकाकूंची वळकटी भलत्याच माणसाच्या डोक्यावरून निघाली होती. ते पाहिलं कोणी? मी. मी पडले लाजाळू, मला काही ओरडता येत नाही, म्हणून मी नुसती आप्पांची बाही ओढली आणि बोट दाखवलं. वळकटी मिळाली. त्या क्षणापासून मी अख्ख्या मंडळींची पंडिता झाले. "पोरगी बोलत नाही, पण नजर बघा तिची," असं काकू डब्यातल्या अनोळखी बायकांनाही सांगू लागल्या. मी मान खाली घालून बसले होते, पण आतून केवढी फुगले होते म्हणून सांगू!

आत्याच्या घराचं मागचं दार विणकरांच्या बोळात उघडतं. आपल्या गावात विणकराचं एकही घर नाही. आपल्याकडे कापड दिसतं ते बाजारच्या दिवशी, घडी घातलेलं. ते त्याआधी कसं असतं हे मला कुठून ठाऊक असणार?

गिरणीच्या भोंग्याने सकाळी मला जाग आली. मी मागचं दार किलकिलं करून पाहिलं. बोळभर एका ओळीत खुंट्या पुरलेल्या होत्या. एक उंच, काळीसावळी बाई हातातल्या फिरकीवरचं पांढरंशुभ्र सूत सोडत त्या खुंट्यांच्या कडेने चालत होती. एका खुंटीच्या उजवीकडून, पुढचीच्या डावीकडून. बोळाच्या टोकाला पोचली की वळायची आणि तशीच परत यायची. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. ओट्यावर एक म्हातारी बसून तिच्याकडे बघत होती.

सांगा बरं, सूत हातात घेऊन, ओठांत पुटपुटत, फेऱ्यांवर फेऱ्या घालणारी बाई तुम्ही कधी पाहिली आहे? वटपौर्णिमेला आपण सगळ्याच पाहतो!

तरी मी घाईने काही ठरवलं नाही. नजर बारीक म्हणून माझा लौकिक होता, तो सांभाळायला नको का? मी दाराआड उभी राहून पाहत राहिले. घरातून माझ्याएवढी एक मुलगी आली आणि तिने जेवायची खूण केली. त्या बाईने चालता चालताच मान हलवून नको म्हटलं. म्हणजे उपास. एक कुत्रं सुताकडे आलं तर म्हातारीने काठी उगारली. म्हणजे सोवळं.

शेवटी सगळं धैर्य गोळा करून मी उंबऱ्याबाहेर आले आणि विचारलं, "हे कधी पुरं व्हायचं?"

"बोलू नको गं पोरी, मोजनी चुकती," ती न थांबता म्हणाली. परतीच्या फेरीत माझ्याजवळ आल्यावर मात्र तिला माझी दया आली असावी. "आज पुरं झालं पायजे की. न्हाय झालं तर लक्ष्मीचं लगीन कसं लागंल?"

आणि तिने त्या माझ्याएवढ्या मुलीकडे हनुवटीने दाखवलं.

आता आणखी काय हवं होतं? मुलीचं लग्न जमावं म्हणून आईने धरलेलं कडक व्रत. अन्न नाही, बोलणं नाही, मोजून फेऱ्या.

मी आत येऊन आईला आणि काकूंना सगळं सांगितलं. एरवी मी चार माणसांत एक वाक्य पुरं करत नाही. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मी सगळं रंगवून रंगवून सांगितलं. खुंट्या वडाऐवजी असतात, कारण सोलापुरात वडाला जागा कुठून आणणार, हेसुद्धा मी सांगून टाकलं. ते मला कोणी सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं.

काकू गंभीर झाल्या. "वाटेत दिसलेलं व्रत ओलांडून पुढे जाऊ नये," त्या म्हणाल्या. "आत्या कुठे आहे?"

आत्या एका बारशाला गेली होती. आमचं नशीब म्हणा, नाहीतर नरसम्माचं. नरसम्मा हे त्या बाईचं नाव, ते मला नंतर कळलं. चांगलं पक्कं कळलं.

दुपारी नरसम्माच्या फेऱ्या संपल्या. ती सुताला लावायची खळ शिजली का बघायला आत गेली, म्हातारीला डुलकी लागली होती, आणि बोळ रिकामा पडला. आम्ही सगळ्या तबक घेऊन ओळीने बाहेर पडलो. सर्वांत पुढे मी. असा मान मला जन्मात मिळाला नव्हता.

प्रत्येकीने प्रत्येक खुंटीला हळदकुंकू वाहिलं. खुंटीला तेवढं आणि सुताला नाही, हे बरं दिसेना, म्हणून सुतालाही वाहिलं. पहिलं बोट माझं. ओली हळद होती. पांढऱ्या सुतावर ती इतकी सुंदर पसरली की मी आणखी एक बोट लावलं. आईने अक्षता टाकल्या. काकूंनी रामेश्वरासाठी वळून आणलेलं आपलं सूत काढलं आणि ओळीतल्या पहिल्या दोन खुंट्यांभोवती गरगर गुंडाळलं. ते सैल राहिलं तर संसार सैल राहतो, म्हणून काकूंनी ते चांगलं करकचून ओढलं. दोन्ही खुंट्या एकमेकींकडे झुकल्या. आतून बारीक तट् तट् असा आवाज आला. काकू म्हणाल्या, "शुभ आहे."

तेवढ्यात खळीचं पातेलं घेऊन नरसम्मा दारात आली.

पातेलं हातात, नजर ताण्यावर, म्हणजे त्या खुंट्यांवर ताणलेल्या सुतावर. काकू मोठ्या प्रेमाने पुढे झाल्या, तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "झालं हो तुमचं व्रत पुरं. आता जेवून घ्या."

"कुनाचं वरत?" नरसम्मा म्हणाली.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं. सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी? मी खुंटीकडे पाहिलं.

"पोरीच्या लग्नाचं लुगडं हाय ह्ये," नरसम्मा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तोच तर जास्त लागला. "रोज दुसऱ्यांची लुगडी विनती मी. ह्ये एक माज्या लक्ष्मीचं. आठ दिसांवर लगीन, आता दुसरं सूत कुटनं आनू?"

सांगते, त्या क्षणी मला वाटलं की आत्ताच्या आत्ता रामेश्वरची गाडी यावी आणि मला एकटीला घेऊन जावी.

लक्ष्मी धावत आली. ताण्यावर पिवळे पट्टे, लाल ठिपके, तांदळाचे दाणे, आणि पुढच्या दोन खुंट्यांपाशी तुटलेल्या धाग्यांचा झुबका. तिचे डोळे भरून आले. आप्पा आवाज ऐकून आले आणि सगळं कळल्यावर हात जोडून नुसते उभे राहिले. वळकटीच्या गोष्टीची आठवण त्या वेळी कोणीच काढली नाही.

इतक्यात ओट्यावरून हसण्याचा आवाज आला. म्हातारी जागी झाली होती. ती तेलुगूत काहीतरी बोलत होती आणि दात नसलेल्या तोंडाने हसत होती. नरसम्मा आधी रागाने तिच्याकडे बघत होती, मग तिचाही ओठ हलला.

"काय म्हणतात त्या?" आईने भीत भीत विचारलं.

लक्ष्मीने डोळे पुसत सांगितलं, "आजी म्हनती, लग्नात हळद लावायचीच हाय. ह्यांनी आदी लावली. आता सगळंच पिवळं करा."

आणि खरंच तसंच ठरलं. बोटाएवढी हळद लागली तर तो डाग, पण टोकापासून टोकापर्यंत लागली तर तो रंग! अक्षता झटकून ताणा खुंट्यांवरून साखळीसारखा गुंडाळून उतरवला आणि मोठा हंडा चुलीवर चढला. यमुनाकाकूंनी प्रवासासाठी घेतलेली सगळीच्या सगळी हळद त्यात ओतली. आम्ही रामेश्वरापर्यंत पांढरं वरण जेवलो ते त्यामुळे. काकूंनी एकदाही तक्रार केली नाही. फक्त दर जेवणाला माझ्याकडे बघायच्या.

तुटलेले धागे जोडायचे राहिले होते. ते काम मी मागून घेतलं. मागून म्हणजे काय, लक्ष्मीच्या शेजारी जाऊन बसले आणि उठलेच नाही. तिने एकदा दाखवलं, दोन टोकं एकमेकांवर ठेवून चिमटीत वळायची, गाठ मारायची नाही. माझा पहिला धागा सुटला. दुसराही सुटला. मग जमलं. आमच्या मुक्कामाचे उरलेले दिवस मी सोलापुरातलं दुसरं काही पाहिलं नाही. आप्पांनी मंडळींना तलाव दाखवला, किल्ला दाखवला. मी धागे पाहिले. लक्ष्मीला मराठी येत होतं, मला बोलायला येत नव्हतं, म्हणून आमचं छान जमलं.

निघायच्या आदल्या दिवशी नरसम्माने माझं काम बोटांनी चाचपून पाहिलं. एक धागा ओढला. तुटला नाही. दुसरा ओढला. तोही नाही. मग आत्याला म्हणाली, "बोट चांगलं हाय की पोरीचं. डोकं तेवडं कुटंतरी कामाला लावा."

पहिलं वाक्य मी जपून ठेवलं आहे. दुसरं आत्याने जपून ठेवलं आहे.

परतताना आम्ही पुन्हा सोलापुरात उतरलो. लक्ष्मी सासरहून माहेरी आली होती, आणि तिने ते लुगडं मला नेसून दाखवलं. काय सांगू! केतकीसारखं पिवळं. कुंकवाचे ठिपके काही केल्या गेले नव्हते, ते मधूनमधून तांबूस दिसत होते. सासरच्या बायकांनी विचारलं म्हणे, हे असे बुट्टे कुठल्या विणकराकडचे? आता तुम्हीच सांगा, आपल्या वर्गात कोणाच्या हातचे बुट्टे सोलापूरच्या लुगड्यावर आहेत?

त्या अभिमानातच मी मागच्या दारी गेले. बोळात नवा ताणा लागला होता. आणि त्या ओळीपासून चार हात दूर एक वेगळीच खुंटी पुरलेली. तिला सूत नाही, काही नाही, फक्त भरघोस हळदकुंकू!

मला भरून आलं. माझी चूक असेल, पण बोळाने माझी रीत उचलली होती. मी सगळा लाजाळूपणा सोडून आईला, काकूंना, आप्पांना हाक मारली आणि ती खुंटी दाखवली. मग नरसम्माला मोठ्याने विचारलं, "ही माझ्यावरून पुरली ना?"

"व्हय, तुज्यावरनंच," फेरी न थांबवता नरसम्मा म्हणाली. "म्हटलं, तुज्यासारकी शिकलेली पुना कोन आली, तर तिला लावायला जागा असावी की."

काकूंनी तबक माझ्यापुढे धरलं. मी मुकाट्याने गेले आणि त्या खुंटीला हळदकुंकू लावलं.