राखेतली मेथी

आधी हे सांगते की माझ्या वहिनीचं पहिलं बाळ सहाव्या महिन्यात पोटातच गेलं. ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणारच नाही. तिला आव झाली, मग ताप, आणि चार दिवसांत सगळं संपलं. डॉक्टरीणबाई तेव्हा म्हणाल्या, भाजी नाल्याच्या पाण्यावरची असेल. बस, त्या दिवसापासून आईनं बाजारातली पालेभाजी घरात येऊ दिली नाही. बटाटा, भोपळा, वांगं, वरण. झालं.

आणि आता परत दिवस गेलेले!

दिवाळीनंतर मी वहिनीला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि माझ्यावरच ओरडल्या. "खून है ही नहीं इसमें! ये काली दवा दोनों टाइम, और हरी भाजी रोज. रोज मतलब रोज. साफ पानी की."

मी विचारलं, "नहीं खाई तो?"

त्या चिठ्ठी लिहीत बसल्या. वहिनी माझ्याकडे बघतच नव्हती.

त्याच दिवसांत मध्यभारत संपला आणि नवं राज्य झालं. दादाचं ऑफिस भोपाळला हललं. फाइलींच्या पेट्या, पेट्यांवर दोऱ्या, दादाचा बिस्तरा, सगळी धांदल. स्टेशनवर दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मी तर जाऊन राहिलोय. आई देवधर्मात, बाबांना काही सांगून उपयोग नाही. तू बघशील ना हिच्याकडे?"

"बघेन की! मी परसात मेथी लावते आहे. घरची, विहिरीच्या पाण्याची. रोज!"

मी हे इतक्या ऐटीत बोलले की आता आठवलं तरी कान गरम होतात. कारण मेथी तेव्हाच मरायला लागली होती आणि मला ते माहीत होतं.

झालं असं. आमच्याकडे आंघोळीच्या पाण्याला तांब्याचा बंब आहे. आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाकडे नाही. शेजारच्या काकी त्याला 'मराठों का इंजन' म्हणतात. सकाळी धूर निघाला की भिंतीवरून विचारतात, "आज गाडी टाइम पे है?" तर हा बंब आम्ही दगडी कोळशाच्या चुऱ्यावर पेटवतो आणि राख मागच्या परसात फेकतो. वर्षानुवर्षं. मी दोन वाफे केले तेही तिथेच. वर आई म्हणाली, "आमच्या माहेरी भाजीवर राख टाकायचे, कीड लागत नाही." मग काय! मी अख्खा डबा भरून ताजी राख आणली आणि दोन्ही वाफ्यांवर चांगली जाड पसरली.

आईच्या माहेरची राख गोवऱ्यांची होती. हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

मेथी उगवली तर खरी. दोन पानं आली, पिवळी पडली, मग कडेनं करपली. पाणी घातलं तर वर पापुद्रा धरायचा, सिमेंटसारखा. आठ दिवसांत वाफ्यात काड्या उरल्या. वहिनी रोज मागच्या दारात उभी राहून बघायची.

"बी खराब निघालं," मी म्हटलं.

"हो का?" वहिनी म्हणाली. "दुसऱ्या वाफ्यातलं पण?"

मी आत पळाले. चौथा महिना संपत आला होता. वहिनी जिना चढली की मध्येच भिंतीला टेकायची आणि वर बघून हसायची, आम्हाला कळू नये म्हणून. ओठ पण पांढरे. मला ते हसू बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी टावर चौकात सगळ्या भाजीवाल्यांच्या पाट्या बघत हिंडले. एक म्हातारी माळीण कोपऱ्यात बसायची. तिची मेथी काळपट हिरवी, जाड पानांची. मी विचारलं, पाणी कुठलं? तर ती भडकलीच. "कुआँ को पाणी हे बई, म्हारो खुद को कुआँ! नाला की भाजी चइये तो वाँ जा!" शिप्रेपलीकडे तिचं शेत होतं, आणि ती आठवड्यात दोनदाच यायची. दोनदा म्हणजे रोज नाही. मी तिच्यासमोर तिथेच रडायला लागले, भर चौकात! आणि जे घरी कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं तिला सांगितलं. बाळ, डॉक्टरीणबाई, बंब, राख, सगळं.

पाटी रिकामी झाल्यावर ती माझ्याबरोबर घरी आली. परसात बसली, नखांनी माती उकरली, नाकाशी धरली. मग माझ्या नाकाशी धरली. मला तर कशाचाच वास आला नाही.

"वास नी, केंचुआ नी," ती म्हणाली. "या माटी तो मरी गी, बई. मरी माटी को खाके थारी भाभी में कईं जान आवेगी?"

वहिनी मागच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

माळीण गेल्यावर मी म्हटलं, "वहिनी, राख मीच टाकली होती."

"ठाऊक आहे, वन्सं. काळे हात घेऊन जेवायला बसला होतात त्या दिवशी." मग हळू म्हणाली, "मला रागवायचंय तुमच्यावर. पण रागवायला पण दम लागतो."

एवढं बोलून ती आत जाऊन आडवी झाली. मी तिथेच उभी. त्यापेक्षा तिनं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर!

पुढचे दिवस मी काय काय केलं ते आईला अजून पूर्ण माहीत नाही. एका वाफ्यातली हातभर माती खणून बाहेर काढली. माळणीनं तिच्या शेतातली एक पाटी माती डोक्यावरून आणून दिली. मी तिला म्हटलं, एवढ्याशा मातीनं काय होणार? तर म्हणाली, दूध केतरोई होय, जामन तो चमचा भर लागे. म्हणजे दूध कितीही असो, विरजण चमचाभरच. मग गल्लीच्या टोकावरच्या गोठ्यातून जुनं, कुजून भुसभुशीत झालेलं शेण आणलं. निंबाचा, पिंपळाचा पाला झाडून गोळा केला. पोत्यातून शेण वाहताना मला बघून काकी ओरडल्या, "अरे, इंजन छोड़के बैलगाड़ी पे आ गई क्या?" मला हसू आलं नाही. मी बोटांवर दिवस मोजत होते. मेथीला महिना लागणार, आणि सहावा महिना लागायला पण महिनाच उरला होता.

रोज सकाळी मी माती नाकाशी धरायची. काही दिवस नुसता शेणाचा वास. मग एका सकाळी वेगळाच आला, ओल्या माठासारखा, गोडसर. आणि पाल्याखाली एक गांडूळ, माळणीचा केंचुआ! मी किंचाळले. आईला वाटलं विंचू चावला.

मेथी आली. पहिली जुडी मी संक्रांतीच्या दोन आठवडे आधी काढली. रोज मूठभर निघायची. माळणीची दोन दिवस (तिची स्वतःची विहीर म्हणून आईनं येऊ दिली), आमची पाच दिवस, आणि ती काळी दवा, जी प्यायली की वहिनीचे दात काळे व्हायचे. मी रोज तिचे ओठ बघायचे. कधी वाटायचं रंग आला, कधी वाटायचं छे, मीच बघून राहिलेय मला हवं तसं.

संक्रांतीला आई-बाबा रामघाटावर स्नानाला गेले आणि घरात आम्ही दोघीच. मी तिळगूळ वळत होते. मागून आवाज आला, "वन्सं..."

वहिनी वाफ्यापाशी बसली होती, पोट धरून. चेहऱ्यावर घाम. सहावा महिना!

मी टांगा कसा आणला आठवत नाही. पायात चप्पल नव्हती. टांगेवाल्याला मी "जल्दी" म्हणत होते आणि वहिनी "हळू" म्हणत होती. दवाखान्यात पडद्यामागून काहीच आवाज येईना. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते आणि मला त्यावरचा एक आकडा वाचता येत नव्हता.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "बाल्टी किसने उठवाई इससे?"

"बाल्टी?"

वहिनी रोज दुपारी, मी शिवणाच्या क्लासला गेले की, विहिरीवरून दोन बादल्या नेऊन वाफ्याला पाणी घालत होती! मला तर वाटायचं माती नीट झाली म्हणून ओल टिकते आहे.

"बच्चा ठीक है," त्या म्हणाल्या. "खून भी पहले से अच्छा है, इसलिए झेल गई. अब बाल्टी उठाई तो मैं आके मारूँगी, दोनों को."

येताना मी वहिनीवर जाम ओरडले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "घरात बसलं की मला मागचंच सगळं दिसतं, वन्सं. वाफ्यापाशी गेलं की पानं मोजत बसते."

सातवा लागला त्या सकाळी आई परसात येऊन उभी राहिली. आजवर तिनं बाळाचं नाव काढलं नव्हतं, एक झबलं शिवलं नव्हतं. कितीतरी वेळ वाफ्याकडे बघत होती. मग एकदम म्हणाली, "डोहाळजेवण बागेतलं करू या. इथेच पाट मांडू, फुलांच्या माळा सोडू."

"इथे?" वहिनी आतून ओरडली, मोठ्यांदा, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "इथे नाही हं, आई! पंचवीस बायका माझी मेथी तुडवतील!"

आई चक्क हसली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. शेवटी पाट ओसरीत मांडायचा ठरला.